संस्थेचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो?

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत लहान संस्थांना तोटा नाही. तालुक्याचं वाचनालय, बचत गटांचा संघ, धडगाव-अक्कलकुव्याकडे वनहक्काचं काम करणारी मंडळी, चोपडा-यावलच्या पाड्यांवर आरोग्याचं काम करणारे कार्यकर्ते, अमळनेरची एखादी व्याख्यानमाला. यांच्या कार्यालयात शिक्के, पावती पुस्तकं, ठरावाची वही, पासबुक सगळं कपाटात असतं आणि किल्ली कुणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग फेसबुक पेजचा पासवर्ड विचारला की उत्तर येतं, "तो पोऱ्याले माहीत शे." आणि तो पोऱ्या एव्हाना पुण्याला नोकरीला लागलेला असतो.

यात त्या पोराचा दोष नाही. कुणाला काही येत नव्हतं तेव्हा त्यानं स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या नंबरवरून, एक रुपया न घेता सगळं उभं करून दिलं. दोष आपल्या पद्धतीत आहे. रोकड आणि कागद सांभाळायला आपण पिढ्यानपिढ्या शिकलो, ऑनलाइन खाती मात्र कुणाच्या तरी खिशात राहू दिली.

खात्याचा खरा धनी तो, ज्याच्या मोबाईलवर ओटीपी जातो. घटनेत, परिशिष्टात, लेटरहेडवर कुणाचंही नाव असो. म्हणून संस्थेत नव्यानं सचिव, कोषाध्यक्ष किंवा कार्यालय सांभाळणारे म्हणून आला असाल, तर सगळे ओटीपी संस्थेच्या ताब्यात आणणं हे तुमचं पहिलं काम. ते कसं करायचं ते क्रमानं सांगतो.

पायरी १ : आधी मोजदाद

एक साधी फुलस्केप वही घ्या. तिला "डिजिटल नोंदवही" म्हणा. पानावर पाच रकाने आखा: खातं कशाचं, लॉगिन कोणत्या ईमेलवर किंवा नंबरवर, ओटीपी कुणाकडे जातो, मुदत कधी संपते, पैसे कोण भरतं. पासवर्ड या वहीत लिहायचा नाही.

एक नोंद कशी दिसेल ते पाहा. "वेबसाइटचं नाव (डोमेन). घेतलं वेबसाइट बनवणाऱ्यानं, त्याच्याच खात्यात. ओटीपी त्याच्याकडे. मुदत १४ ऑगस्ट. पैसे त्यानं भरले, आपण रोख दिले, पावती नाही." एवढं लिहिलं तरी दुखणं कुठे आहे ते कळतं.

फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप ग्रुप हे पटकन आठवतात. राहून जातं ते असं: गुगल मॅपवरची कार्यालयाची नोंद, शिबिरासाठी बनवलेले गुगल फॉर्म, पत्रकं करायचं कॅनव्हाचं खातं, झूम, देणगीचा क्यूआर कोड, एनजीओ दर्पण हे संस्थांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल, इन्कम टॅक्सचं ई-फायलिंग, टीडीएसचं ट्रेसेस पोर्टल, कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ फॉर्म ज्यावरून भरला ते कंपनी मंत्रालयाचं लॉगिन, आणि सीएच्या टेबलाच्या खणात पडलेला डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा दिसतो तो). जुन्या ईमेलमध्ये "वेलकम", "व्हेरिफाय", "रिन्यूअल" हे शब्द शोधले तर विसरलेली खाती सापडतात. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये वर्षातून एकदाच जाणारी रक्कम दिसली तर तीही तपासा.

या कामाला जुन्या सचिवांना आवर्जून बोलवा. नाना, आप्पा, जे असतील त्यांना मानानं बसवून विचारलं तर त्यांना आठवत जातं. चौकशी बसवल्याच्या सुरात विचारलंत तर काहीच हाती लागणार नाही.

पायरी २ : संस्थेचा स्वतःचा नंबर आणि ईमेल

एक वेगळं सिम घ्या. व्यावसायिक जोडणी म्हणून संस्थेच्या नावावर घेता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर एखाद्या विश्वस्ताच्या नावावर घ्या आणि "हा नंबर संस्थेच्या वापराचा आहे" असा ठराव करून ठेवा. स्मार्टफोन स्वस्तातला चालेल, पण त्यावर गाणी, गेम, लग्नपत्रिका काही नको. लग्नपत्रिकेच्या किंवा आरटीओ चलनाच्या नावानं व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइल फोनमधले मेसेज वाचतात, म्हणजे ओटीपी थेट चोराच्या हाती जातात. हा फोन त्यापासून दूर असलाच पाहिजे.

रिचार्जची तारीख वहीत लिहा. ९० दिवस सिम वापरात नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला देते. त्या अनोळखी माणसाच्या मोबाईलवर तुमच्या संस्थेचे ओटीपी जायला लागतात.

ईमेल व्यक्तीच्या नावानं नको, पदाच्या नावानं हवा: सचिव, कार्यालय, हिशेब. सुरुवातीला साधं जीमेल चालेल. पण संस्था नोंदणीकृत असेल आणि स्वतःचं डोमेन असेल, तर गुगल फॉर नॉनप्रॉफिट्समध्ये अर्ज करा. पडताळणी झाली की गुगल वर्कस्पेस, म्हणजे संस्थेच्या डोमेनवरचे ईमेल आणि ड्राइव्ह, फुकट मिळतं. सरकारी कार्यालयं, दवाखाने आणि शाळा-कॉलेजांना ही सवलत नाही. शाळा चालवणाऱ्या संस्थांनी हे आधी पाहावं, उगाच आशेवर राहू नये.

वर्कस्पेसचा मोठा फायदा असा, की एखादा कार्यकर्ता गेला तरी त्याचा ईमेल संस्थेकडे राहतो. आणि "शेअर्ड ड्राइव्ह"मध्ये ठेवलेली फाइल कुणा एकाची नसते, संस्थेची असते. साध्या "माय ड्राइव्ह"मध्ये मात्र फाइल बनवणाऱ्याची राहते. म्हणून माणूस गेला की त्याचं खातं लगेच उडवू नका. आधी फाइलींची मालकी दुसऱ्याकडे द्या. चुकून उडवलंच तर ते परत आणायला २० दिवसांची मुदत असते, त्यानंतर इलाज नाही. सुपर ॲडमिन, म्हणजे सगळ्यांची खाती उघडण्या-बंद करण्याचा अधिकार असलेले, किमान दोघं ठेवा, आणि ते दोघं एकाच घरातले नसावेत.

पायरी ३ : पासवर्ड आणि दुसरं कुलूप

संस्थेचं नाव आणि पुढे १२३, किंवा स्थापनेचं साल. हा पासवर्ड आपल्या निम्म्याअधिक संस्थांचा असेल असं मला वाटतं, आणि चोरही तोच आधी लावून बघतो. चार-पाच असंबद्ध शब्द जोडून लांब पासवर्ड करा. बहिणाबाईंच्या ओळीतले शब्द घेऊ नका, त्या खान्देशात लहानथोर सगळ्यांना पाठ आहेत.

प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा आणि तो पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवणाऱ्या ॲपमध्ये हवा. बिटवॉर्डन दोघांच्या सामायिक वापराला फुकट मिळतं. नेट नसलेल्या ठिकाणी कीपास एक्ससी बरं पडतं, त्यात सगळे पासवर्ड एकाच कुलूपबंद फाइलीत संगणकावर राहतात. मॅनेजरचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घाला, पाकिटाच्या जोडावर अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष दोघांच्या सह्या घ्या आणि ते बँकेच्या लॉकरात किंवा कपाटाच्या आतल्या खणात ठेवा. पाकीट फोडलं गेलं तर सह्या सांगतील.

दुसरं कुलूप म्हणजे टू-स्टेप, पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं. एसएमएसपेक्षा फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप घ्या. एक तर आपल्या नंबरचं दुसरं सिम काढून होणारी चोरी टळते. दुसरं, आपल्या भागासाठी महत्त्वाचं: या ॲपला कोड दाखवायला नेटवर्क लागत नाही. तोरणमाळच्या बाजूला एका डोंगरावर रेंज असते, दुसऱ्यावर नसते, तिथे एसएमएसची वाट पाहत बसण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. गुगल खात्याला आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड मिळतात. ते छापून त्याच पाकिटात घाला.

पायरी ४ : एकेक खातं ताब्यात घ्या

फेसबुक पेजवर पूर्ण अधिकाराचे किमान दोन लोक हवेत. एकच ॲडमिन असेल आणि त्याचं वैयक्तिक खातं बंद पडलं, तर पेज परत मिळवणं फार जिकिरीचं होतं. "तुमच्या पेजनं कॉपीराइटचा भंग केला, २४ तासांत अपील करा" असा मेसेज आला तर लिंक उघडू नका. खरी सूचना पेजच्या आत दिसते.

यूट्यूब चॅनल कुणाच्या खाजगी जीमेलवर असेल तर ते ब्रँड अकाउंटवर (एकाहून जास्त मालक जोडता येतात अशा खात्यावर) आहे का बघा. असेल तर संस्थेच्या ईमेलला मालक म्हणून जोडा. मुख्य मालकी मात्र सात दिवसांनंतरच देता येते, म्हणून गाव सोडून जाणाऱ्या मुलाकडे निघायच्या आदल्या रात्री धावपळ करू नका.

व्हॉट्सॲपवर संस्थेच्या नंबरला सहा आकडी पिन लावा. "लिंक्ड डिव्हाइस"मध्ये जाऊन कुठल्या संगणकावर ते चालू आहे ते बघा. झेरॉक्सच्या दुकानात कधीतरी उघडलेलं व्हॉट्सॲप वेब तिथे तसंच चालू सापडतं.

डोमेनकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण ते गेलं तर वेबसाइट आणि सगळे ईमेल एकदम जातात. वेबसाइट बनवणाऱ्याशी प्रेमानं बोला: डोमेनची नोंद संस्थेच्या नावावर, संपर्काला संस्थेचा ईमेल, आणि संस्थेच्या स्वतःच्या खात्यात हस्तांतर. त्यासाठी त्याच्याकडून ट्रान्सफर कोड घ्यावा लागतो. डॉट ऑर्ग डोमेन नव्यानं घेतलं असेल तर पहिले ६० दिवस ते साधारणपणे हलवता येत नाही. मुदत संपली तरी डॉट ऑर्ग लगेच दुसऱ्याच्या हाती जात नाही. उडवलं गेल्यावरही ३० दिवस ते जादा दंड भरून सोडवता येतं. पण दंड मोठा असतो आणि तोवर ईमेल बंद असतात. नूतनीकरणाची सूचना महिनाभर आधी येते, ती ज्या ईमेलवर येते तो कुणी उघडतं का हाच खरा प्रश्न. आणि कामाचे पैसे चोख द्या. वेबसाइटवाल्याचं बिल थकवून वर डोमेन मागणं बरोबर नाही.

सरकारी पोर्टलांची गोष्ट थोडी वेगळी. ई-फायलिंगला संस्थेचा पॅन हाच युजर आयडी असतो. ओटीपी मात्र प्रोफाइलमधल्या मुख्य संपर्काच्या मोबाईलवर जातो. तिथे सीएच्या कार्यालयाचा नंबर असणं हे सर्रास दिसतं. सीएंना काम करू द्या, पण मुख्य संपर्क संस्थेचा ठेवा. दर्पणवर दिलेले पदाधिकारी, मोबाईल, पत्ता हे बदल झाले की भरत राहा. अनुदानाच्या अर्जाच्या दिवशी हे निस्तरायला वेळ नसतो.

डिजिटल सही ही व्यक्तीची असते, संस्थेची नव्हे. पदावरून उतरलेल्या सचिवांच्या टोकननं नव्या सचिवांनी सही करणं म्हणजे दुसऱ्याची सही मारणं. टोकन ज्याचा त्याच्याकडे, पिन ज्याचा त्याला, आणि पद सुटलं की सगळ्या पोर्टलवरून ते नाव काढायचं.

बँकेत चेकवर दोघांच्या सह्या लागतात आणि नेटबँकिंगचा पासवर्ड मात्र एका क्लार्ककडे असतो. दोन सह्यांचा नियम ज्यासाठी केला, तोच हेतू इथे वाया जातो. बँकेला लेखी द्या, की एकानं व्यवहार भरायचा आणि दुसऱ्यानं मंजूर करायचा अशी सोय हवी. बहुतेक बँकांच्या संस्था-खात्यांत ती असते. देणगीचा क्यूआर महिन्यातून एकदा दुसऱ्या फोनवरून स्कॅन करून बघा. पैसे पाठवण्याआधी जे नाव दिसतं ते संस्थेचंच आहे ना? पेज हॅक करून नुसता क्यूआर बदलणारेही असतात.

पायरी ५ : लोकांनी विश्वासानं दिलेले कागद

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. पेज गेलं तर नवं काढता येतं. पाड्यावरच्या माणसानं आपल्या हाती दिलेला कागद बाहेर गेला किंवा हरवला, तर त्याची भरपाई आपण कुठून करणार?

वनहक्काचंच घ्या. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा लागतो. अनेक घरांत तो पुरावा म्हणजे वनखात्यानं कधीकाळी फाडलेली दंडाची पावती. ती पेटीत घडी करून ठेवलेली, घडीवर फाटलेली, शाई उडालेली असते. हिचा फोटो घाईत काढून ग्रुपवर टाकला की व्हॉट्सॲप तो बारीक करतं आणि आकडे पुसट होतात. दिवसाउजेडी, सावलीत, कागद सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाठवायचाच असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, मग मूळ दर्जा राहतो. फाइलीला गाव, दावा क्रमांक आणि कागदाचा प्रकार असं नाव द्या. जीपीएस नकाशे आणि वडीलधाऱ्यांचे जबाब त्याच दाव्याच्या फोल्डरमध्ये. मूळ कागद त्याच दिवशी घरी परत.

आधारच्या झेरॉक्स ग्रुपवर टाकायची सवय आजपासून मोडा. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार घ्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. सिकलसेल तपासणीचे निकाल तर चुकूनही ग्रुपवर नकोत. एखाद्या मुलीचा रिपोर्ट गावभर झाला तर तिच्या लग्नाच्या बोलण्यात तो आडवा येतो. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं मनाई आहे, म्हणून बालगृहाच्या कार्यक्रमाचे फोटो पेजवर चढवण्याआधी थांबा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. संमती ज्याला कळेल त्या भाषेत घ्या. पावरी बोलणाऱ्या आजीला मराठी फॉर्मवर अंगठा उठवायला लावणं ही संमती होत नाही.

ऊसतोडीला किंवा सुरत-बारडोलीकडे गेलेल्या मजुरांच्या याद्या आपल्याकडे असतात. नाव, नंबर, गाव, मुकादम, उचल. ही यादी चुकीच्या हाती पडली तर त्या कुटुंबावर दबाव येऊ शकतो. ज्याला रोज लागते त्यालाच ती उघडता यावी. "लिंक असलेल्या कोणालाही" ही गुगल शीटची सेटिंग अशा यादीला कधीच नको.

पायरी ६ : प्रती

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळानं इतिहासाचार्यांचं दप्तर जपलं, म्हणून ते आजही अभ्यासाला मिळतं. आपल्या संस्थेचे फोटो, अहवाल, सर्वेक्षणं हेही उद्याच्या अभ्यासकाचं दप्तर आहे. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक कार्यालयाबाहेर. म्हणजे एक संगणकावर, एक गुगल ड्राइव्हवर, एक हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या विश्वस्ताच्या घरी. डिस्कला पासवर्ड लावा. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या उन्हात डिस्क गाडीत ठेवू नका. वर्षातून एकदा ती जोडून दहा-वीस फाइली उघडून बघा. फुकटच्या गुगल खात्यात १५ जीबी जागा असते आणि तीत ईमेलही मोडतात. फोटोंनी ती भरली की देणगीदाराचं पत्र यायचं थांबतं. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गुगल खातं गुगल उडवू शकतं, म्हणून जुनी खाती अधूनमधून उघडा.

पायरी ७ : पदाधिकारी बदलले की

विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज ९० दिवसांत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा असतो, आणि तो मंजूर व्हायला किती काळ लागतो हे तुम्हाला सांगायला नको. बँक सह्या बदलायला परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा मागते, तिथे थांबावं लागतं. पण ईमेल, पेज, डोमेन, ड्राइव्ह यांसाठी थांबायचं कारण नाही. पहिल्याच बैठकीत असा ठराव करा:

"संस्थेच्या सर्व डिजिटल खात्यांची नोंदवही सभेत तपासण्यात आली. मावळते सचिव यांनी ती नवनियुक्त सचिव यांच्याकडे सोपवली. सर्व पासवर्ड बदलण्यात आले. मावळत्या पदाधिकाऱ्यांचे मोबाईल क्रमांक व ईमेल सर्व खात्यांतून काढण्यात आले. यापुढे सचिव व कोषाध्यक्ष हे सुपर ॲडमिन राहतील. सर्वानुमते मंजूर."

सूचक, अनुमोदक, सह्या. गटबाजी असेल तर हा कागद फार उपयोगी पडतो. दोन गट, दोन पेज, आणि दोन्हीकडे देणगीचा वेगळा क्यूआर अशी वेळ एखाद्या संस्थेवर आली, तर लोकांचा विश्वास उडायला वेळ लागत नाही.

पायरी ८ : घात झालाच तर

पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. अध्यक्षांना विचारून सांगतो म्हणत संध्याकाळ करू नका. फोन हरवला तर सिम बंद करून घ्या, पोलिसांत नोंद करा आणि दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करा. खातं हॅक झालं असेल तर आधी ईमेल सोडवा, पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, रिकव्हरी नंबर तपासा. आणि लोकांना लगेच सांगा: "आमच्या पेजवरून पैसे मागितले गेले तर देऊ नका." लाज वाटून गप्प बसलं की फसणाऱ्यांची संख्या वाढते.

एक प्रसंग या सगळ्याहून अवघड आहे. ज्यांच्या नंबरवर सगळं चालत होतं ते जुने कार्यकर्ते वारले, तर घरी सांत्वनाला जाताना पासवर्डचा विषय काढू नका. पण घरच्यांपैकी कुणाला तरी एवढंच सांगा, की त्यांचा मोबाईल बंद करू नका आणि सिमचा रिचार्ज संपू देऊ नका. तो आम्ही भरतो. दिवसकार्य आटोपल्यावर मुलाला किंवा सुनेला सोबत घेऊन, त्यांच्यासमोर, एकेका खात्याचा नंबर बदला. त्यांचे घरचे फोटो, खाजगी मेसेज यांना हात लावू नका. काम झालं की फोन घरच्यांच्या हाती द्या, आणि कोणती खाती हलवली त्याची सही केलेली यादीही त्यांना द्या.